रंगवण्याआधी विचारायचं असतं

१९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात, टर्की क्रीक या वस्तीच्या मुलखात एका मोटारीला अपघात झाला. तिथले लोक या वस्तीला वार्मुन म्हणतात. अपघातात एक बाई गंभीर जखमी झाली. तिला फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या विमानातून सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या पर्थला, रुग्णालयात न्यायचं ठरलं. विमान डर्बीजवळच्या समुद्रातल्या एका भोवऱ्यावरून जात असताना तिने प्राण सोडला. तिचं नाव इथे देत नाही. मेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, ही रीत तिकडच्या अनेक समाजांत अजून पाळली जाते. जगभर गाजलेल्या चित्रकारांची नावं मात्र लेखात टाळता येणार नाहीत.

त्याच वर्षीच्या नाताळात ट्रेसी नावाच्या चक्रीवादळाने डार्विन शहर होत्याचं नव्हतं केलं. त्यानंतर त्या बाईच्या नात्यातल्या रोव्हर थॉमस यांच्या स्वप्नात तिचा आत्मा येऊ लागला. थॉमस यांचं बरंचसं आयुष्य गुरांच्या मोठमोठ्या कुरणांवर मजुरी करण्यात गेलेलं. समुद्रावरून आपल्या मुलखाकडे परतताना आपण कुठकुठून आलो, वाटेत कोणकोणती ठिकाणं लागली, हे तिने त्यांना गाण्यांतून आणि नाचातून शिकवलं. प्रवासाच्या शेवटी तिला दूरवर डार्विनचा विध्वंस दिसला. तिथल्या श्रद्धेप्रमाणे तो इंद्रधनुष्य-सर्प या दैवी शक्तीचा कोप होता. यातून ‘गुरिर गुरिर’ हा विधी उभा राहिला. नाचणारे खांद्यावर रंगवलेल्या फळ्या घेऊन नाचत. सुरुवातीच्या फळ्या पॅडी जामिंजी यांनी रंगवल्या, मग थॉमस स्वतः रंगवू लागले. १९९० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाचं प्रतिनिधित्व करायला जे दोन मूलवासी चित्रकार निवडले गेले, त्यांतले एक थॉमस होते. २००१ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यांचं एक चित्र ७,७८,७५० डॉलरला घेतलं.

किंबर्लीच्या चित्रकलेची ही सगळी शाखा फुटली, ती रुग्णालयापर्यंत पोचू न शकलेल्या एका बाईच्या मरणातून. आज ऑस्ट्रेलियात नवं सरकारी रुग्णालय बांधायचं म्हटलं की आराखड्यात मूलवासी चित्रांसाठी भिंती राखलेल्या असतात, कलासल्लागार नेमलेला असतो, इच्छुक चित्रकारांकडून अर्ज मागवलेले असतात. हे चांगलंच आहे. पण ही चित्रं तिथे कशासाठी हवीत, याचं उत्तर ‘भिंती उजळ दिसाव्यात’ एवढंच असेल, तर तो सगळा खर्च रंगरंगोटीच्या खात्यात टाकावा आणि मोकळं व्हावं.

खरं उत्तर शोधायला मागे जावं लागतं. १९०८ ते १९१९ या काळात कार्नार्वन बंदरासमोरच्या बर्निए आणि डोर या दोन उजाड बेटांवर सरकारने ‘लॉक हॉस्पिटलं’ चालवली. गुप्तरोगाच्या नुसत्या संशयावरून मूलवासी स्त्री-पुरुषांना पकडून, कित्येकांना साखळदंड घालून, शेकडो मैलांवरून तिथे आणलं जाई. एका बेटावर पुरुष, दुसऱ्यावर बायका. रोग आहे की नाही, हे बऱ्याचदा डॉक्टरने नव्हे तर फिरत्या पोलिसाने ठरवलेलं असे. अनेक जण तिथेच वारले. क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ फँटम बेटावर १९२८ साली असंच एक हॉस्पिटल निघालं, पुढे तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत झाली आणि ती १९७३ पर्यंत चालली. डर्बीचं कुष्ठालय तर १९३६ पासून १९८६ पर्यंत होतं. तिथे ख्रिस्ती धर्मभगिनींनी रुग्णांना व्हायोलिन शिकवलं आणि सक्तीने डांबलेल्या त्या माणसांचा एक वाद्यवृंदच तयार झाला. ही माहिती वाचल्यावर आनंद मानावा की संताप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बेटं सोडा, साध्या गावातल्या दवाखान्यातही वेगळं काही नव्हतं. न्यू साउथ वेल्समधल्या कित्येक गावांत मूलवासींचा वॉर्ड वेगळा असे. काही ठिकाणी बायका मागच्या व्हरांड्यात बाळंत होत. आणि सगळ्यांत मोठी भीती बाळाची. सरकारी धोरणाखाली १९७० पर्यंत मूलवासी मुलं आईबापांपासून तोडली गेली, त्यांतली काही थेट प्रसूतिगृहातून. १९९७ च्या चौकशी अहवालात या हकिगती शेकड्यांनी नोंदल्या आहेत. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. ज्या बाईचं मूल असं गेलं, तिची नात आज चाळिशीची असेल. पोटात दुखायला लागलं म्हणून ती रुग्णालयाच्या काचेच्या दारात उभी राहते, तेव्हा तिच्यासोबत आजीची हकिगतही आत येते.

ऑस्ट्रेलियात उपचार अर्धवट टाकून, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णालयातून निघून जाणाऱ्यांत मूलवासींचं प्रमाण इतरांच्या सुमारे पाचपट आहे. कारणं अनेक: भाषा कळत नाही, घरी कुणी वारलं आहे, बोलणाऱ्याचा सूर झोंबतो, एकटं वाटतं. सरकारने यावर जे उपाय काढले त्यांत एक कलम आहे. रुग्णालयांच्या सुरक्षा आणि गुणवत्तेच्या राष्ट्रीय निकषांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि जानेवारी २०१९ पासून तिच्याप्रमाणे तपासणी सुरू झाली. तिच्यातलं कलम १.३३ सांगतं की मूलवासींच्या श्रद्धा आणि रीतींची कदर करणारं, त्यांना आपलंसं वाटेल असं वातावरण असल्याचं रुग्णालयाने दाखवून द्यावं. मान्यतेसाठी ही अट पुरी करावी लागते. नियम आला, पाठोपाठ निविदा आल्या.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू, कारण सगळी मेख त्यातच आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा. पर्थचं रुग्णालय वाजुक नूंगार लोकांच्या भूमीवर, ॲडलेडचं कौर्ना, डार्विनचं लाराकिया, ॲलिस स्प्रिंग्सचं अरेर्न्त लोकांच्या. तिकडचा शिरस्ता असा की ज्यांची भूमी त्यांना आधी विचारायचं. दुसऱ्या मुलखातल्या चित्रकाराने इथली कथा रंगवणं म्हणजे आगळीक. पण ॲलिस स्प्रिंग्सच्या खाटांवर झोपलेले रुग्ण पाहा. त्यांत पिंटुपी आहेत, वार्लपिरी आहेत, पिट्जान्ट्जाट्जारा आहेत. पाच-पाचशे किलोमीटरवरून आलेले. यजमानाचं चित्र लावायचं की पाहुण्याचं? बऱ्याच ठिकाणी तोडगा निघतो तो दोन पायऱ्यांचा. प्रवेशद्वार, मुख्य दालन, इमारतीची नावं यांवर भूमीच्या मालकांचा हक्क, आणि आतल्या वॉर्डांत दूरच्या मुलखांना जागा. हे ठरवायला स्थानिक वडीलधाऱ्यांची समिती लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो. बांधकामाच्या वेळापत्रकाला नेमकं हेच मानवत नाही. चित्राची आठवण बऱ्याचदा भिंती उभ्या राहिल्यावर होते, आणि अंदाजपत्रक फुगलं की पहिली कात्री तिथेच लागते. म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियाची १९८९ पासूनची योजना मला शहाणपणाची वाटते: सरकारी इमारतीच्या बांधकाम खर्चातला एक टक्क्यापर्यंतचा वाटा कलेसाठी राखून ठेवायचा.

दुसरा प्रश्न ठिपक्यांचा. मूलवासी चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठिपके येतात. मेलबर्नच्या निविदा समितीपुढेही तेच येतात. वास्तविक ठिपक्यांची ही शैली पश्चिमेकडच्या वाळवंटातली. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर केसासारख्या बारीक रेघांची जाळी विणतात. किंबर्लीत गेरू-मातीचे सपाट, शांत पट्टे असतात. मेलबर्नच्या आसपासची परंपरा ढालींवर कोरलेल्या रेषांची आणि पॉसमच्या कातड्याच्या झग्यांवरच्या नक्षीची. आता मेलबर्नचा चित्रकार आपल्या आजोळच्या रेषा घेऊन आला, आणि समितीला ते ‘पुरेसं मूलवासी’ वाटलं नाही, तर? रिचर्ड बेल या ब्रिस्बेनच्या चित्रकाराने २००३ मध्ये देशातलं सर्वांत मानाचं मूलवासी कला पारितोषिक जिंकलं, ते ‘ॲबोरिजिनल कला ही गोऱ्यांची चीज आहे’ असं ठसठशीत अक्षरांत लिहिलेल्या चित्रासाठी. त्यांचा रोख बाजारावर होता. निविदा समित्यांनाही तो लागू पडतो.

तिसरा प्रश्न नाजूक आहे. प्रत्येक कथा प्रत्येकाने पाहायची नसते. काही आकृत्या फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांसाठी, काही फक्त बायकांसाठी. १९७१ साली पापुन्या वस्तीत जेफ्री बार्डन या शाळामास्तरांच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली आणि तिथून आधुनिक वाळवंटी चित्रकला सुरू झाली. पहिल्या काही वर्षांतल्या फळ्यांवर विधींतल्या गुप्त गोष्टी उघड आल्या, शेजारच्या समाजांनी त्यावर रागाने आक्षेप घेतला, आणि पुढच्या चित्रांत गुप्त भाग ठिपक्यांच्या दाट पडद्याआड जाऊ लागला. रुग्णालयाचा कॉरिडॉर म्हणजे तर सगळ्यांची वाट. तिथून लहान मूल जातं, नवरा जातो, परका मनुष्य जातो. म्हणून वडीलधाऱ्यांना विचारायचं ते ‘चित्र सुंदर आहे ना’ असं नाही, ‘हे सगळ्यांनी पाहिलं तर चालेल ना’ असं. प्रसूतिविभागासाठी स्त्री चित्रकारांकडूनच काम घ्यायचं, ही दक्षता त्यातूनच येते. ॲलिस स्प्रिंग्समध्ये मूलवासी बायकांनी आजीबाईंच्या रीतीप्रमाणे चालणारं अलुकुरा हे प्रसूतिकेंद्र १९८७ मध्येच काढलं आहे. तिथे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग करार. या बाबतीत ऑस्ट्रेलियाने बरेच फटके खाऊन शिक्षण घेतलं आहे. १९६६ मध्ये नवी एक डॉलरची नोट निघाली, तिच्यावर डेव्हिड मलांगी यांच्या साल-चित्रातली आकृती छापली होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हयात असलेल्या एका माणसाचं ते चित्र आहे, हे रिझर्व्ह बँकेला नंतर कळलं. मग गव्हर्नर कूम्ब्स यांनी त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं. पुढे काही मूलवासी चित्रकारांची चित्रं व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर उतरली. पवित्र आकृती पायपुसणं झाल्या. जॉर्ज मिलपुरुरू, बांडुक मारिका आणि इतरांनी खटला भरला. १९९४ मध्ये न्यायालयाने १,८८,००० डॉलरची भरपाई ठरवली आणि या नुकसानीत सांस्कृतिक दुखापतही मोजली. चित्रकाराला आपल्याच लोकांत मान खाली घालावी लागते, कारण कथा त्याच्या हाती समाजाने सोपवलेली असते, हे न्यायाधीशांनी मान्य केलं.

रुग्णालयाच्या करारात म्हणून बारीक कलमं असतात. मूळ कॅनव्हास विकत घेतला म्हणजे त्याची प्रत छापायचा हक्क मिळत नाही. दालनाच्या भिंतीसाठी परवानगी घेतली, तर तीच नक्षी केसपेपरवर, कर्मचाऱ्यांच्या गणवेशावर, संकेतस्थळावर वापरायला वेगळी परवानगी आणि वेगळं मानधन. भिंत लांब आहे म्हणून चित्र ताणायचं नाही, दार मध्ये आलं म्हणून कापायचं नाही. २००० सालच्या कायद्याने चित्रकाराला नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा नैतिक हक्क दिला आहे. इमारत पाडायची झाली तरी तिच्यातल्या कलाकृतीच्या कर्त्याला आधी कळवण्याची व्यवस्था त्यात आहे. पापुन्याच्या शाळेवरचं ते पहिलं भित्तिचित्र आज पाहायला मिळत नाही. तेव्हा असा कायदा नव्हता आणि शाळेची भिंत सरकारी होती. काही वर्षांतच तिच्यावर रंग मारला गेला.

इथे पालघर-डहाणूची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमू वस्तीच्या वार्लपिरींनी जमिनीवर मातीचं चित्र घातलं होतं, आणि त्याच प्रदर्शनात आपले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशेही होते. वारल्यांकडे लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, मध्ये पालघाट देवी असते. तीच चित्रलिपी आता आपल्याकडे स्थानकं, उड्डाणपूल आणि सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवर दिसते. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण भिंत रंगवण्याचा ठेका घेणाऱ्याने पाड्यावर जाऊन काही विचारलं का, चित्राखाली कुणाचं नाव लिहिलं का, हे आपण पाहत नाही. शौचालयाच्या भिंतीवर लग्नाच्या चौकातली नक्षी शोभते का, हा प्रश्न वारली बायकांना विचारावा असं कुणाला सुचल्याचंही दिसत नाही.

असो. रुग्णालयात चित्राला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती जंतुसंसर्गाची. उघडा कॅनव्हास जंतुनाशकाने पुसता येत नाही. त्यामुळे मूळ चित्र दालनात काचेआड जातं आणि वॉर्डात येते त्याची विनाइलवर छापलेली प्रत, काचेवरची फिल्म, लेझरने कापलेली धातूची जाळी. यात रंग बदलतो, ठिपका फुटबॉलएवढा होतो. चांगले कलासल्लागार नमुना छापून चित्रकाराला दाखवतात. फरशीत नक्षी बसवायची असेल तर चित्रकाराला आधी विचारावं लागतं, कारण ती पायाखाली येणार. कॅनबेराच्या संसदेपुढे मायकेल नेल्सन जागामारा यांची कथा १९८८ पासून दगडी तुकड्यांत जडवलेली आहे, ती त्यांच्या संमतीने.

छत मात्र बहुतेक ठिकाणी वाया जातं. स्ट्रेचरवरून नेलेल्या माणसाला पांढऱ्या चौकटी आणि दिवे यांशिवाय काही दिसत नाही. पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाने २००६ मध्ये आठ मूलवासी चित्रकारांचं काम इमारतीत उतरवलं, त्यांत गुलुम्बू युनुपिंगु यांचे तारे छतावर आहेत. याच बाईंनी आर्नहेम लँडमध्ये परंपरागत उपचारांचं एक केंद्र काढलं होतं. त्यांचे तारे एखाद्या शस्त्रक्रिया विभागाच्या वाटेवर हवे होते, संग्रहालयाच्या माथ्यावर नव्हे, असं मला राहून राहून वाटतं.

चित्राने माणूस बरा होतो का? रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास या संदर्भात हमखास सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले. एकूण ४६ रुग्ण. तो अभ्यास खिडकीचा आहे, चित्राचा नाही. त्यावरून मूलवासी चित्रांबद्दल काही सिद्ध होत नाही. माझ्या मते इथे तशा सिद्धतेची गरजही नाही. दारातून आत आल्यावर आपल्या मुलखाची पाणवठ्याची खूण दिसली, शेजारी चित्रकाराचं आणि त्याच्या लोकांचं नाव दिसलं, तर आत येणाऱ्याला एवढं नक्की कळतं की या इमारतीत कुणीतरी आपल्या माणसांशी बोललं आहे. ते बोलणं चित्रापुरतंच होतं, असं त्याच दिवशी काउंटरवर लक्षात आलं, तर चित्र उलटतं. दुभाषा नाही, मूलवासी आरोग्यसेवक एकच आणि तोही रजेवर, नातेवाइकांना बसायला जागा नाही, आणि भिंतीवर मात्र वीस फुटांचं चित्र. अशा रुग्णालयाने चित्राचे पैसे दुभाष्यावर घालावेत.

बेटी मफलर यांचं उदाहरण चित्र आणि उपचार या दोन्ही बाजू एकत्र आणतं. त्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या इंडुल्काना वस्तीच्या. चित्रकार आहेत आणि न्गांगकारी, म्हणजे परंपरेने रुग्णांना बरं करणाऱ्याही आहेत. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी त्या मुलखात अणुचाचण्या केल्या, त्यांत त्यांनी घरची माणसं गमावली. त्यांच्या चित्रमालिकेचा विषय एकच, भूमीला बरं करणं. त्या राज्यातल्या काही रुग्णालयांत आता न्गांगकारींना वॉर्डात येऊन उपचार करू दिले जातात. भिंतीवर त्यांचं चित्र आणि खाटेजवळ न्गांगकारी, असं झालं तर कलम १.३३ पुरं झालं म्हणता येईल.

मात्र सगळ्यांत मोठं काम झालं ते कुठल्याही रुग्णालयाने मागणी न करता. पिंटुपी लोक १९८१ मध्ये पापुन्या सोडून आपल्या मूळ भूमीजवळ, किंटोरला परतले. ॲलिस स्प्रिंग्सपासून हे गाव पाचशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला. मूत्रपिंडाच्या विकाराने तिथे घरंच्या घरं पोखरली. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास. म्हणजे आजारी पडलेल्याने गाव कायमचं सोडायचं आणि ॲलिस स्प्रिंग्सच्या कडेला परक्यासारखं मरायचं. वडीलधारे गेले की गाणी, विधी आणि जमिनीची राखण मागे पडते. सरकारकडे मागणी केली, उत्तर आलं की एवढ्या दूर यंत्रं चालवणं शक्य नाही. तेव्हा किंटोर आणि तिकडच्याच किविरकुरा या वस्तीतल्या पुरुषांनी आणि बायकांनी वेगवेगळे बसून चार प्रचंड चित्रं रंगवली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या कलादालनात ती आणि इतर काही कामं लिलावाला निघाली आणि दहा लाख डॉलरहून अधिक पैसे उभे राहिले. त्यातून त्यांची स्वतःची संस्था निघाली. ॲलिस स्प्रिंग्समधल्या तिच्या जांभळ्या घरामुळे तिला सगळे ‘पर्पल हाउस’ म्हणतात. २००४ मध्ये किंटोरला पहिलं डायलिसिस झालं. २०११ मध्ये यंत्रं बसवलेला एक ट्रकही आला, तो रुग्णांना मर्तिकाला, विधींना, नातेवाइकांकडे जाता यावं म्हणून वाळवंटातून फिरतो. नोव्हेंबर २०१८ पासून अतिदुर्गम भागातल्या डायलिसिसचा खर्च मेडिकेअर या सरकारी योजनेतून मिळू लागला. तोवर लिलावाला अठरा वर्षं झाली होती.